१५ किलोचा लाकडी घाणा: घेण्याआधी करायचा पूर्ण हिशोब

यंत्र चांगलं आहे. ३ एचपीची मोटर, एका वेळेला १५ किलो शेंगदाणे घेणारं लाकडी उखळ, संथ फिरणारी लाट (उखळात दाणे चेपणारं मुसळ) आणि कोमट बाहेर पडणारं तेल. या तेलाचा वास आणि चव खरी आहे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक आज तालुक्याच्या गावातही सापडतं. आक्षेप यंत्रावर नाही. ते विकताना जो हिशोब पुढे ठेवला जातो, त्यावर आहे. त्या कागदावर उतारा, म्हणजे दाण्याच्या वजनातून निघणाऱ्या तेलाचं प्रमाण, वर्षभर ४५ टक्के असतो, घाणा रोज आठ तास भरलेला असतो, दाण्याचा भाव हलत नाही आणि मालकाच्या कष्टाला किंमतच नसते. हे परीक्षण त्या कागदाच्या शेजारी ठेवून वाचावं.

इथले सगळे दर हिशोबासाठी धरलेले आहेत. आपल्या बाजार समितीतला दाण्याचा भाव, आपल्या गल्लीतलं भाडं आणि आपल्या भागातला पेंडीचा दर घालून तीच गणितं पुन्हा करायची आहेत. आकडे बदलतील, रीत तीच राहील.

यंत्रात काय पाहायचं

‘लाकडी’ हा शब्द कशाला लावलाय ते आधी पाहा. काही घाण्यांत उखळ आणि लाट दोन्ही लाकडाची असतात. काहींत भांडं लोखंडाचं असतं आणि फक्त तळाची वाटी व लाटेचं टोक लाकडाचं असतं. तेलाच्या दृष्टीने फिरण्याचा वेग लाकडापेक्षा महत्त्वाचा, कारण संथ वेगामुळेच घर्षण कमी होतं आणि तेल तापत नाही. तरीही गिऱ्हाईक पैसे लाकडासाठी मोजतं, म्हणून दोन्ही भाग लाकडाचेच घ्यावेत. बाभूळ, चिंच, शिरीष यांसारखं कठीण आणि पुरेसं वाळलेलं लाकूड हवं. ओलं लाकूड वर्षभरात चिरतं.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्स. तो वरच्या अंगाला असेल तर ग्रीस ठिबकून तेलात पडण्याची वाट मोकळी राहते. खाली बसवलेला, नीट बंद केलेला गिअरबॉक्स चांगला. मोटर सिंगल फेजवर चालते, पण संध्याकाळी विजेचा दाब कमी होणाऱ्या गावात ती तापते आणि कपॅसिटर जातो. थ्री फेज मिळत असेल तर तीच घ्यावी. मीटर घेताना वापर उद्योगाचा आहे हे अर्जात स्पष्ट नोंदवा. उद्योगाचा वीजदर व्यापारी दरापेक्षा सहसा कमी असतो आणि हा फरक दर महिन्याला लागू होतो.

चालवण्यात कौशल्य आहे आणि ते विक्रेता अर्ध्या दिवसात शिकवू शकत नाही. सगळे दाणे एकदम ओतले की लाट अडते. आधी दोन तृतीयांश, मग उरलेले हळूहळू. दाणे फार कोरडे असतील तर भुगा होतो आणि तेल सुटत नाही, म्हणून पाण्याचा हबका द्यावा लागतो. पाणी जास्त झालं तर तेल गढूळ येतं, फेसाळतं आणि लवकर खवट होतं. प्रमाण दाण्याच्या ओलाव्यावर ठरतं, त्यामुळे एकच माप बाराही महिने चालत नाही. तेल सुटून थांबायला ३५ ते ४० मिनिटं, पेंड खरवडून काढायला आणि पुन्हा भरायला आणखी दहा. आठ तासांत कागदावर नऊ घाणे, म्हणजे नऊ भरणी, बसतात, प्रत्यक्षात आठ धरावेत.

नवं लाकूड सुरुवातीला स्वतःच तेल पितं, त्यामुळे पहिल्या काही घाण्यांचा उतारा पाहून निराश होऊ नये. उलट, घाणा बरेच दिवस बंद ठेवला तर लाकूड सुकून तडकतं. तेलाचा हात फिरवून झाकून ठेवावं लागतं. लाट झिजली की उखळ आणि लाट यांत फट वाढते आणि उतारा एक-दोन टक्क्यांनी घसरतो. नजरेला हे दिसत नाही, वजनकाट्यालाच कळतं. म्हणून प्रत्येक घाण्याचे दाणे, तेल आणि पेंड वजन करून वहीत लिहिणं हे या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

एका घाण्याचा हिशोब

धंद्याचं अर्थशास्त्र इथून सुरू होतं: एक नग जास्त काढला तर खर्च किती वाढतो आणि हातात किती उरतं. घाण्याचा ‘नग’ म्हणजे १५ किलोचा एक घाणा.

दाणे किलोला १२० रुपये, म्हणजे १५ किलोचे १,८०० रुपये. वीज सुमारे दोन युनिट, १० रुपये दराने २० रुपये. उतारा ४० टक्के धरला तर ताजं तेल ६ किलो. ते दोन-तीन दिवस स्टीलच्या भांड्यात निवळायला ठेवलं की तळाशी गाद बसते आणि विकण्याजोगं ५.८ किलोच्या आसपास उरतं. शेंगदाणा तेलाची घनता लिटरला सुमारे ०.९१ किलो, म्हणून हे ६.४ लिटर भरतं. इथे बरेचजण फसतात: किलोचा उतारा थेट लिटर समजून लिहिला की दर घाण्याला अर्ध्या लिटरहून अधिक चूक होते, आणि ती कधी आपल्या बाजूने, कधी विरुद्ध जाते. बाटली, झाकण आणि लेबल मिळून १२ रुपये धरले तर ७७ रुपये. खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, त्यामुळे हा खर्च टाळता येत नाही.

तर एका घाण्याबरोबर वाढणारा खर्च, म्हणजे बदलता खर्च, झाला १,८९७ रुपये. तेल ३०० रुपये लिटरने विकलं तर आले १,९२० रुपये.

उरले २३ रुपये.

धंद्याचा खरा आधार इथे दिसतो. उरलेली साडेआठ किलो पेंड ४० रुपये किलोने ३४० रुपये देते आणि हातात उरणारा फरक ३६३ रुपयांवर जातो. म्हणजे या दरांवर तेल फक्त स्वतःचा खर्च भरून काढतं आणि धंदा पेंडीवर चालतो. असं असूनही घाणा घेणारे लोक तेलाच्या बाटलीचं डिझाइन महिनाभर ठरवत बसतात आणि पेंड कोण घेणार, हे मशीन आल्यावर विचारतात. क्रम उलटा हवा. गावातल्या दहा-बारा गोठ्यांशी, दूध संकलन केंद्रावर येणाऱ्या पशुपालकांशी आधी बोलून भाव आणि महिन्याचं प्रमाण ठरवावं. लाकडी घाण्याच्या पेंडीत एक्स्पेलरच्या (जोराच्या दाबाने तेल काढणाऱ्या लोखंडी यंत्राच्या) पेंडीपेक्षा तेल जास्त राहतं, म्हणून जनावरांना ती आवडते, पण त्याच कारणाने ती लवकर खवट होते. पावसाळ्यात तिला बुरशी धरते, आणि हिरवा चारा भरपूर असला की तिची मागणीही उतरते. पेंड साठवून भाव येण्याची वाट पाहणं हा पर्याय जवळजवळ नाहीच.

आता एकेक आकडा हलवून पाहा. उतारा ४० वरून ३८ टक्के झाला तर तेल ६.०५ लिटरवर येतं, पेंड थोडी वाढते, आणि फरक ३६३ वरून सुमारे २७४ रुपयांवर घसरतो. उताऱ्यात दोन टक्के गेले आणि कमाईचा चौथा हिस्सा गेला. पेंडीचा भाव ४० वरून ३२ झाला तर फरक २९५. दाणे ५ रुपयांनी महागले तर २८८. कच्च्या मालाचा वाटा विक्रीच्या चार पंचमांश असला की असंच होतं: भावातला लहानसा हेलकावा नफ्यात मोठा होऊन उमटतो. विक्रेत्याच्या कागदावर उतारा ४५ टक्के लिहिलेला असेल तर तो खोडून पुढचं वाचावं. दाण्यात एकूण तेलच ४५ ते ५० टक्के असतं आणि संथ लाकडी घाणा ते सगळं काढत नाही. तो त्याचा दोष नाही, ती त्याची पद्धत आहे.

महिन्याचा स्थिर खर्च आणि बरोबरीचा आकडा

घाणा चालो न चालो, काही पैसे जातातच. जागेचं भाडं ६,०००, एका कामगाराचा पगार १२,०००, विजेचा स्थिर आकार, फोन, परवाना यांचे मिळून १,५००, लाट आणि उखळाची दुरुस्ती ८००. हे झाले २०,३०० रुपये रोख.

याच्यावर घसारा, म्हणजे यंत्र झिजण्याची किंमत. यंत्र १,८०,००० रुपयांचं, शिवाय वायरिंग, काटा, निवळण्याची भांडी असे ४०,००० धरले तर २,२०,०००. आठ वर्षं टिकेल असं मानलं तर महिन्याला सुमारे २,३०० रुपये. हे पैसे कोणी मागायला येत नाही म्हणून बहुतेक लोक ते लिहीत नाहीत, आणि आठव्या वर्षी नवं यंत्र घ्यायला पुन्हा कर्ज काढतात. घसारा धरून खर्च २२,६००.

एवढा खर्च भागवायला किती घाणे लागतील? २२,६०० भागिले ३६३, म्हणजे महिन्याला ६३ घाणे. ४०० लिटरच्या आसपास विक्री. ना नफा ना तोटा म्हणतात तो हा बिंदू.

पण इथे थांबणं धोक्याचं आहे, कारण या हिशोबात मालक फुकट राबतोय. तोच माणूस दुसरीकडे नोकरीला गेला असता तर, समजा, १५,००० मिळाले असते. यंत्रात घातलेले २,२०,००० आणि मालात अडकलेले ३,००,००० (हा आकडा कसा आला ते पुढे येईल) बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला ३,००० रुपये व्याज आलं असतं. सोडून दिलेल्या या कमाईला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. तो खिशातून जात नाही, पण धंदा घ्यायचा की नाही हे ठरवताना तो रोख खर्चाइतकाच खरा असतो. तो धरला की महिन्याचा बोजा ४०,६०० होतो आणि बरोबरीचा आकडा ११२ घाण्यांवर जातो. २५ दिवस काम धरलं तर रोज साडेचार घाणे, महिन्याला सुमारे ७१७ लिटर.

घाण्याची क्षमता महिन्याला २०० घाण्यांची आहे. म्हणजे ती निम्म्याहून थोडी जास्त वापरली गेली तरी नोकरीइतकी मिळकत होते, आणि त्यापुढचा प्रत्येक घाणा ३६३ रुपये पूर्ण नफ्याचे देतो. यंत्राची खरी ताकद हीच. मात्र उतारा ३८ टक्क्यांवर अडकला तर तोच आकडा १४९ घाण्यांवर जातो. रोज सहा घाणे भरायला लागतात आणि आठवड्यात एक दिवस वीज गेली तरी महिना तुटतो.

हप्ता आणि खर्च यांची गल्लत करू नये, हेही इथेच सांगायला हवं. दोन लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४,४५० येतो. त्यातलं व्याज हा खर्च, मुद्दल हा खर्च नाही. पण हप्त्याच्या तारखेला दोन्ही खात्यातून जातात. वहीत नफा दिसत असूनही खात्यात शिल्लक नसते, याचं एक कारण हे. दुसरं कारण याहून मोठं आहे.

खेळतं भांडवल: बहुतेक घाणे इथे बंद पडतात

यंत्राच्या किमतीपेक्षा मालात जास्त पैसा अडकतो, ही गोष्ट विक्रेता सांगत नाही, कारण त्याचा तिच्याशी संबंध नाही. महिन्याला ११२ घाणे म्हणजे २ लाखांहून जास्त रुपयांचे दाणे, दिवसाला सरासरी ६,७०० रुपये. दाणे रोखीने घ्यावे लागतात. घरात २० दिवसांचा साठा, तेल निवळायला ३ दिवस, बाटली फळीवर १० दिवस, आणि दुकानदार किंवा सोसायटीतलं गिऱ्हाईक पैसे द्यायला १२ दिवस लावतं. एकूण ४५ दिवस. एक रुपया दाण्यात गेला की दीड महिन्याने परत येतो. ६,७०० गुणिले ४५ केले की ३ लाख रुपये होतात.

हा आकडा कमी करण्याचे रस्ते आहेत, आणि ते नफा वाढवण्याइतकेच मोलाचे आहेत. साठा २० ऐवजी १० दिवसांचा केला तर ६७,००० मोकळे होतात. उधारी बंद केली तर ८०,०००. उधारी देऊन विक्री वाढली असं वाटतं, पण दुकानदाराला लिटरमागे २५ रुपये सूट आणि वर पंधरा दिवस उधार दिलं तर दर घाण्याला १६० रुपये गेले, म्हणजे ३६३ मधले जवळजवळ निम्मे. थेट घरांना विकणं हाच या धंद्याचा पाया आहे. दुकानं नंतर.

उलट मोहही मोठा असतो: खरिपाचा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये येतो, भाव उतरतात, मग वर्षाचा माल भरून ठेवावा असं वाटतं. मोजून पाहा. १२० रुपयांचे दाणे चार महिने ठेवले, पैसा १२ टक्के व्याजाचा, तर व्याज ४ रुपये ८० पैसे. वजनातली घट दोन टक्के धरली तर २ रुपये ४० पैसे. पोती, हमाली आणि कीड यांचा एक रुपया. भाव किलोला ८ रुपयांहून जास्त चढला तरच साठवणं फायद्याचं. शिवाय ओलसर जागेत दाण्याला बुरशी आली तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका असतो, आणि घाण्याचं तेल रिफाइन होत नसल्याने तो दूर होण्याची सोयही नाही. बुरशी दिसलेलं पोतं गाळायचं नाही, पेंडीसाठीही नाही, कारण हे विष पेंडीत जास्त उतरतं. साठवायचेच असतील तर फोडलेल्या दाण्यांपेक्षा शेंगा साठवाव्यात. टरफल असेपर्यंत दाणा टिकतो.

भाव किती ठेवायचा

७१७ लिटर म्हणजे किती घरं? एखादं घर महिन्याला तीन लिटर घाण्याचं तेल घेतं असं धरलं तर २४० घरं. गावात दोन हजार घरं असतील तर आठ घरांमागे एक. हा आकडा घरोघरी विचारून तपासता येतो आणि यंत्राचा आगाऊ पैसा भरण्याआधी तपासायला हवा. ‘घ्याल का?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. एक लिटरची बाटली दुसऱ्याच्या घाण्यावरून आणून पूर्ण भावाने विकून पाहा आणि किती घरं दुसऱ्यांदा मागतात ते मोजा.

मागणीची लवचिकता म्हणजे भाव हलला की गिऱ्हाईक किती हलतं. पुस्तकात तिचं सूत्र असतं, इथे ती दोन भागाकारांनी कळते. भाव ३०० वरून ३१० केला तर घाण्यामागचा फरक ३६३ वरून ४२७ होतो. म्हणजे १५ टक्के गिऱ्हाईक तुटलं तरी कमाई तेवढीच राहते. भाव २९० केला तर फरक २९९, आणि तेवढीच कमाई करायला विक्री २१ टक्क्यांनी वाढायला हवी. दहा रुपये कमी केल्याने प्रत्येक पाच घरांमागे एक नवं घर येईल का? घाण्याचं तेल घेणारं घर आधीच रिफाइंड तेलाच्या दुपटीच्या आसपास पैसे मोजत असतं. ते दहा रुपयांसाठी आलेलं नाही, म्हणून भाव पाडून नवं गिऱ्हाईक सहसा येत नाही. पण मोठी भाववाढ झाली की हेच घर रोजच्या भाजीला रिफाइंड आणि चटणीपुरतं घाण्याचं तेल वापरू लागतं. गिऱ्हाईक टिकतं, लिटर निम्मे होतात. वहीत घरांची संख्या आणि दर घरामागचे लिटर हे दोन रकाने वेगळे हवेत.

लेबलवर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ लिहू नये. कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं, त्यामुळे या दाव्याने तेल वेगळं ठरत नाही. गाळपाची तारीख मोठ्या अक्षरात लिहिण्याचा परिणाम जास्त होतो, कारण ताजेपणा ही घाण्याची खरी ताकद आहे आणि मोठ्या कंपनीला ती देता येत नाही.

शेजारच्या पेठेत दुसरा घाणा सुरू होण्याची शक्यता हिशोबात धरायलाच हवी. सव्वादोन लाखांत कोणीही या धंद्यात उतरू शकतो, आणि जिथे उतरणं सोपं तिथे जास्तीचा नफा फार काळ टिकत नाही. भाव पाडून लढलं तर दोघेही ११२ घाण्यांच्या खाली येतात.

मजुरीवर गाळप

गिऱ्हाईक स्वतःचे दाणे आणतं, आपण गाळून तेल आणि पेंड परत देतो. किलोला १८ रुपये मजुरी धरली तर घाण्याला २७०, विजेचे २० गेले की २५० उरतात. बाटली नाही, उधारी नाही, साठा नाही. तेल त्याचंच असल्याने त्याच्या डब्यात भरून देता येतं. पेंड आपण ठेवायची आणि मजुरी घ्यायची नाही, असा व्यवहार केला तर विजेचे पैसे वजा जाता ३२० रुपये.

स्वतःच्या मालावर ३६३, मजुरीवर २५०. म्हणजे तीन लाख रुपये अडकवण्याचा आणि भावाचा धोका पत्करण्याचा मोबदला घाण्यामागे ११३ रुपये. दाणे किलोमागे साडेसात रुपयांनी महागले की तो संपतो. म्हणून पहिल्या वर्षी निम्मं काम मजुरीचं ठेवणं शहाणपणाचं आहे, विशेषतः भुईमूग पिकणाऱ्या भागात. फक्त मजुरीवर मात्र, मालात अडकणाऱ्या तीन लाखांचं व्याज वगळलं तरी, बरोबरीचा आकडा १५६ घाण्यांवर जातो, आणि हे काम हंगामात गर्दीने येतं, बाकीच्या महिन्यांत आटतं.

यात कराचा एक पेच आहे, तो घाणेवाल्यांना हमखास उशिरा कळतो. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण मजुरीवर गाळून देणं ही सेवा आहे. ती सुरू केली की ४० लाखांची सवलत जाते आणि मर्यादा २० लाखांवर येते. आपल्या ११२ घाण्यांची उलाढाल तेल आणि पेंड मिळून वर्षाला ३० लाखांपुढे जाते. नोंदणी झाली की तेलावर ५ टक्के कर लागतो. ३०० रुपयांच्या भावातूनच तो भरला तर घाण्यामागे ९१ रुपये जातात. दाणे पक्क्या बिलाने घेतले असतील तर त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते, शेतकऱ्याकडून थेट घेतले असतील तर मिळत नाही. कर सल्लागाराशी याबद्दल पहिल्या महिन्यातच बोलावं.

अनुदानाबद्दल

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पाला ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरवलं गेलं. आजही मिळत असेल तर जरूर घ्यावं. पण ते नेमकं काय बदलतं ते पाहा. २,२०,००० वर ३५ टक्के म्हणजे ७७,०००. त्याने घसारा महिन्याला ८०० ने आणि भांडवलावरचं व्याज ४५० ने कमी होतं. एकूण १,२५० रुपये, म्हणजे साडेतीन घाणे. बरोबरीचा आकडा ११२ वरून १०९ होतो. ज्याच्याकडे ११२ घाण्यांचं गिऱ्हाईक नाही त्याला १०९ चंही नसतं.

अनुदान स्थिर खर्च हलका करतं. दाण्याचा भाव, उतारा, पेंड आणि उधारी यांना ते शिवत नाही, आणि घाणा याच चार गोष्टींवर चालतो किंवा बुडतो. अनुदान मिळतंय म्हणून ३० किलोचा जोड घाणा घेणं ही सगळ्यात महाग पडणारी खरेदी आहे: बोजा वाढतो, गिऱ्हाईक तेवढंच राहतं. दुसरा घाणा घ्यायची वेळ पहिला सलग तीन-चार महिने १६० घाण्यांच्या वर चालला की येते.

घ्यावा कोणी

गोठ्यांचा भाग जवळ असलेल्या, हातात यंत्राची किंमत सोडून आणखी अडीच-तीन लाख असलेल्या आणि दोनशे घरांपर्यंत पोचण्याची वाट आधीच असलेल्या माणसाने हे यंत्र निःशंक घ्यावं. किराणा दुकान, दूध वाटप किंवा पिठाची गिरणी आधीपासून चालवणाऱ्याला ते विशेष शोभतं, कारण भाडं आणि माणूस यांचा खर्च दोन धंद्यांत वाटला जातो. तिथे बरोबरीचा आकडा ८० घाण्यांच्या खालीही येऊ शकतो. सगळी पुंजी यंत्रात घालून दाणे उधारीवर आणू म्हणणाऱ्याने थांबावं. करडई, तीळ, खोबरं गाळून घाण्याचे रिकामे तास भरता येतात, पण प्रत्येक बियाण्याचा उतारा आणि पेंडीचा भाव वेगळा, म्हणून प्रत्येकाचा वरच्यासारखा स्वतंत्र हिशोब हवा. करडईचं टरफल काढून घेतलं नाही तर उतारा फार पडतो.

कारखान्यात यंत्र पाहायला जाताना आपल्याच बाजारातले ४५ किलो दाणे बरोबर न्यावेत. तिथले दाणे निवडलेले असतात आणि तिथला घाणा तेल पिऊन मुरलेला असतो. सलग तीन घाणे काढायला सांगा, मध्ये थंड होऊ देऊ नका. प्रत्येक वेळी दाणे, तेल आणि पेंड आपल्या समोर तोलून घ्या, घड्याळ लावा, तिसऱ्या घाण्याच्या शेवटी मोटरला हात लावून ती किती तापली ते पाहा. तेल एका काचेच्या बरणीत घरी आणून तीन दिवस निवळू द्या, मग पुन्हा तोला. तिन्ही घाण्यांची सरासरी काढून निवळलेल्या तेलाचा उतारा ३८ टक्क्यांच्या वर आला, तरच आगाऊ पैसे द्या. लाट आणि उखळ बदलून देण्याचा दर त्याच पावतीवर लिहून घ्या.